खालची नळी

निवडणुकीची आचारसंहिता संपली आणि ठाण्यात जमा केलेल्या बंदुका लोकांना परत मिळाल्या की आमच्या दुकानात गर्दी होते. कामं ठरलेली: नळीला चढलेला गंज, ढिला चाप, तडकलेला दस्ता. येतात त्याही दुनळ्या, एकनळ्या, नाहीतर शेतीसंरक्षणाच्या ठासणीच्या. त्या दिवशी आजऱ्याकडचे एक काका नातवाला घेऊन आले आणि चादरीत गुंडाळलेली बंदूक टेबलावर ठेवली. मी ती बिजागरीवर मोडली, म्हणजे उघडली, तर वर शेजारीशेजारी दोन नळ्या आणि त्यांच्या मधोमध खाली तिसरी, बारीक.

ही ड्रिलिंग. वरच्या दोन छर्ऱ्याच्या, खालची रायफलची. जर्मनी-ऑस्ट्रियातल्या शिकाऱ्यांची जुनी आवड. जंगलात ससा निघेल की डुक्कर याचा भरवसा नसतो, म्हणून एकाच दस्त्यावर दोन्हींची सोय. आपल्याकडे ती फारच क्वचित बघायला मिळते. काकांच्या वडिलांनी बेळगावकडच्या एका साहेबाकडून घेतली होती म्हणे.

"वरच्या दोन्हींना एल.जी. द्या, आणि खालचीला ही चालतात का बघा," असं म्हणत नातवाने रुमालाची गाठ सोडली. एल.जी. म्हणजे मोठ्या जनावरासाठीच्या जाड्या छर्ऱ्यांची काडतुसं. आत रायफलचे राऊंड. काकांनी लगेच हात आडवा घातला. "खालची भरायची नाही म्हणून सांगितलंय ना तुला! ती आपसूक सुटते. आमच्या बाबांच्या हातात एकदा सुटली, बांधावरचा गडी थोडक्यात वाचला. तेव्हापासून बंद."

बंदूक आपसूक सुटते हे मी दर महिन्याला ऐकतो. बहुतेक वेळा कुत्रं, म्हणजे घोडा अडवून धरणारा खटका, झिजलेलं असतं, नाहीतर बोट चापावर असतं. पण आधी काडतुसांचं बघायचं होतं.

नळ्या उतरवून बुडाखालचा मेणचट थर पुसला, तेव्हा ठसे दिसले. वर्तुळात 16, म्हणजे सोळा बोअर. मुकुटाखाली एन, म्हणजे बिनधुराच्या दारूवर चाचणी झालेली. जर्मनीतल्या क्रुप कंपनीचं पोलाद. 4.27, म्हणजे एप्रिल 1927. आणि खालच्या नळीवर 7,8 व 57.

सोळा बोअर म्हटल्यावर नातू म्हणाला, "मग सोळाचीच द्या." इथेच बरेच जण फसतात. काडतुसाची जी लांबी लिहिलेली असते ती उडाल्यानंतरची, तोंड पूर्ण उघडल्यावरची. त्या काळच्या जर्मन सोळा बोअरचं चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, बहुधा 65 मिमीचं असतं, आजची काडतुसं 70 ची. घडी घातलेलं 70 चं काडतूस हातात 65 पेक्षा आखूडच दिसतं, चेंबरमध्ये बिनबोभाट बसतं, बंदूक मिटतेही. उडालं की त्याचं तोंड उघडायला जागा उरत नाही, ते पुढच्या निमुळत्या भागात घुसतं आणि दाब चढतो. मी पट्टी आत सरकवली. 65 ला अडकली. आमच्याकडे सोळाची जी थोडी होती ती सगळी 70 ची. एल.जी.चं तर मी आधीच नाही म्हटलं. डावी नळी शेवटाला इतकी आवळलेली होती की ते जाडे छर्रे तिथे एकमेकांत अडकण्याची भीती.

आता खालची. ठसा वाचून मी कधीच थांबत नाही, कारण शंभर वर्षांत कुणी काय कोरून वाढवलंय सांगता येत नाही. चेंबरच्या पुढे कापडाचा बोळा बसवला आणि गंधकाचा साचा ओतला. गंधकात चिमूटभर काजळी आणि थोडा कापूर घालायचा, मंद आचेवर पातळ करायचं. आच वाढली की गंधक काकवीसारखं दाटतं आणि ओतता येत नाही. वडिलांनी शिकवलेली रीत. परदेशात यासाठी तयार मिश्रधातू मिळतो, मला गंधकच हाताला बसलंय. दुकानात आरतीचा वास सुटला, नातू हसायला लागला. साचा बाहेर आला तो गुळगुळीत, बुडाशी कड असलेला. 8×57, म्हणजे 8 मिमीची गोळी आणि 57 मिमीचं कवच, कडवाला. मग तेल लावलेली शिशाची गोळी गजाने नळीतून हलक्या हाताने पार केली आणि मायक्रोमीटर लावला: 8.07 मिमी.

नातवाचा एक राऊंड उचलून बुडावरची अक्षरं भिंगातून वाचली. 8×57 जेआरएस. शेवटच्या एसमध्ये सगळी मेख.

जर्मन लष्कराचं 1888 चं काडतूस 'जे' मापाच्या नळीचं, म्हणजे आट्यांपाशी (नळीच्या आतल्या पिळदार खाचांपाशी) 8.07 मिमीच्या आसपास. 1905 साली त्यांनी टोकदार एस गोळी आणली आणि गोळीचा व्यास 8.22 केला. लष्कराने नळ्या बदलल्या. शिकारीच्या मोडणाऱ्या बंदुका मात्र पुढे कित्येक वर्षं जुन्याच मापाच्या निघत राहिल्या. आर म्हणजे कडवालं; जेआर म्हणजे बारीक गोळी, जेआरएस म्हणजे जाडी. फरक जेमतेम 0.15 मिमी. आजही सेलिये अँड बेलो ही झेक कंपनी दोन्ही बनवते, दोन्ही 196 ग्रेन वजनाच्या गोळीची, खोक्यावर फरक एका अक्षराचा.

मी तो राऊंड रिकाम्या चेंबरपाशी नेला. जुनं, सैल झालेलं चेंबर. राऊंड बोटाच्या एका टेकूने कडेपर्यंत जाऊन बसला. काकांना वाटलं, बसला म्हणजे चालतो. पण जाडी गोळी बारीक नळीत कोंबली जाणार, दाब वाढणार, आणि तो सगळा झेलायचा एका मोडणाऱ्या बिजागरीने, जिच्या मागेच नेम धरणाऱ्याचा गाल टेकलेला. मी राऊंड ताबडतोब बाहेर काढून बाजूला ठेवला.

त्या मानाने आमच्या इथल्या रायफलींचा .315 राऊंड बरा. तो बुडाशी इतका जाड की या चेंबरमध्ये पूर्ण जातच नाही. चुकीचं काडतूस अडलं तर निदान कळतं तरी.

मग आपसूक सुटण्याचं. नळ्या परत चढवल्या, बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री केली आणि काकांच्या हातात दिली. "नेम धरताना बाबा काय करायचे ते करा." काकांनी मिटली, खांद्याला लावली आणि अंगठ्याने वरची खिट्टी पुढे ढकलली, दुनळीची सेफ्टी काढतात तशी. त्याबरोबर नळीवरची मागची नेमपट्टी टपकन उभी राहिली.

"हे काय?" काका दचकले.

ही सेफ्टी नव्हेच. ड्रिलिंगमध्ये वरची खिट्टी पुढे केली की पुढचा चाप उजव्या नळीऐवजी रायफलला जोडला जातो, आणि रायफलच्या नेमासाठीची मागची पट्टी वर येते. खरी सेफ्टी दस्त्याच्या डाव्या अंगाला, ती इतकी मळून घट्ट झालेली की नक्षीचा भाग वाटावी. बाबांनी उजवी उडवायला पुढचा चाप ओढला, सुटली खालची. छर्रे थोड्या अंतरात थकतात, रायफलची गोळी बांध, ओढा ओलांडून जाते. काकांनी खिट्टी मागेपुढे करून करून बघितली. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "आणि आम्ही बंदुकीला नारळ फोडला होता."

परवान्याची पुस्तिका मी शेवटी उघडली. "डी.बी.बी.एल. 16 बोअर," म्हणजे मागून भरायची साधी दुनळी. तिसऱ्या नळीचा उल्लेखच नाही. म्हणजे जेआर मिळालं असतं तरी मी ते विकू शकत नव्हतो, आणि नातवाने "ओळखीच्याकडून" आणलेले राऊंड तर सरळ गुन्हा. पोराचा चेहरा उतरला. त्याला बसवून अर्ज लिहून घेतला, राऊंड त्याच दिवशी ठाण्यात जमा झाले. डुकरासाठी वनखात्याची लेखी परवानगीही नव्हती, ती कुणालाच आठवत नाही.

जाता जाता नातू म्हणाला, "चेंबर 70 चं करून द्या ना, मग मिळतील तरी." मी नकार दिला. तिथलं पोलाद आधीच पातळ, आणि 1927 ची चाचणी 65 च्या चेंबरची होती, 70 च्या नव्हे. बंदूक रीतसर पावतीवर आमच्याकडे ठेवून घेतली. चापाच्या कडीला चिठ्ठी बांधली: वर 16 बोअर, 65 मिमी, खाली 8×57 जेआर, एस नाही, सेफ्टी डावीकडे. काका कलेक्टर कचेरीत परवान्यावरची नोंद दुरुस्त करायचा अर्ज घेऊन गेलेत. तो मंजूर झाला की पासष्टची काडतुसं कुठून आणायची ते बघू.