मर्ढेकरांची पहाट: टाचणी उपटली

मंडळी, मुंबईवरच्या कवितांमधल्या जागा नकाशावर टाचण्या मारून दाखवायचा माझा उद्योग तुम्हाला ठाऊक आहेच. त्यात तीन आठवडे अडलेलं गाडं काल कवितेतल्या एका गवळ्यामुळे हललं.

अण्णाभाऊंची ‘मुंबईची लावणी’ त्या मानाने सोपी होती. मलबार हिल, परळ... नावं कवितेतच, नकाशावर टाचण्या मारत सुटायचं. मर्ढेकरांच्या ‘न्हालेल्या जणु गर्भवतीच्या’मध्ये मुंबापुरीचं बंदर सोडलं तर पत्ताच नाही. आणि माझा हट्ट असा, की कवी जिथे उभा होता ती जागा सापडलीच पाहिजे.

अपोलो बंदर बाद, कारण बोटी ‘धक्क्यावरच्या’ आहेत. बॅलार्ड पिअरला फाटकावरूनच परत फिरलो. उरला भाऊचा धक्का. पहाटे साडेसहापासून उभा. सव्वासातच्या आसपास सूर्योदय, आणि समोर नुसतं धुरकं! सूर्य दिसला तेव्हा चांगला हातभर वर आलेला. पण कुरव (सीगल) होते, लाटांवर टिपत होते. कुरव मुंबईत येतात ते हिवाळ्यातच. ‘सागरपक्षी सूर्य वेचती’ म्हणजे हेच, असं मी तरी धरून चाललोय. त्या पाच मिनिटांत सगळा शीण गेला.

तरी कोडं तसंच. बोटी दिसल्या, पण हंडे भरून कावड नेणारा गवळी धक्क्यावर कशाला येईल? गोठे तेव्हा शहराच्या पोटात. 1949 मध्ये आरे वसाहत झाली ती ही गुरं शहराबाहेर काढायला. झाडं, चहाचा गंध, डांबरी रस्ता हेही धक्क्यावरचं नव्हे. घरी येताना बसमध्ये डोक्यात उजेड पडला: कवी एका जागी उभाच नाही! नजर बंदरावरून वस्तीत शिरते, पुन्हा पाण्याकडे येते, मग रस्त्यावर. ही टाचणी नाही, वाट आहे. भाऊच्या धक्क्यावरची टाचणी उपटली. आता दोरा लावणार.

कवितेच्या छापील शब्दांबद्दल एक रडगाणं. नेटवर कविता उतरवणारे ‘मुंबापुरिचे’मधली ‘रि’ बिनदिक्कत दीर्घ करतात. ‘मुंबापुरिचे उजळित येई’ मोजा, बरोबर सोळा मात्रा. दीर्घ केलीत की सतरा. छापील प्रतच वापरा.

हे लिहिता लिहिता आठवलं: मर्ढेकरांच्या काळात ‘मुंबई टाइम’ होता की! प्रमाण वेळेच्या 39 मिनिटं मागे, 1955 पर्यंत चाललेला. म्हणजे आपला सव्वासातचा सूर्य त्या घड्याळात साडेसहाच्या सुमारास. गवळी, चहावाला, गोदी कामगार यांचा क्रम त्या घड्याळाने लावायला हवा.

पुढच्या वेळी नारायण सुर्वे घेणार होतो. ते थांबतील. कवितेतली पहाट माघातली, आणि माघ संपायला नऊ दिवस आहेत. आधी ही वाट उलटी चालून बघतो, वस्तीतून बंदराकडे. पहाटे कुणी सोबत येणार असेल तर थर्मास माझा.