यंदा आमचं काही खरं नाही

जून लागला की आमच्या ओमाहात दोन गोष्टींची भाकितं सुरू होतात. एक वादळाचं आणि दुसरं बेसबॉलचं. त्यातलं वादळाचं बरंचसं खरं ठरतं.

ओमाहा म्हणजे अमेरिकेच्या मधोमध, नेब्रास्कातलं, मिसुरी नदीच्या काठचं गाव. भारतातून कुणी विचारलं की "वॉरन बफे राहतात ना, तेच" असं सांगून मी मोकळी होते. पण इथल्या बेसबॉलवेड्याला बफे नंतर आठवतात. १९५०पासून, एक कोविडचं २०२० सोडलं तर, दर जूनमध्ये कॉलेजांच्या बेसबॉलची अखेरची फेरी आमच्याच गावात होते. तिचं नाव कॉलेज वर्ल्ड सिरीज. या वर्ल्डमध्ये अमेरिकेबाहेरचं कुणी नसतं, पण ते असो.

मे महिन्याच्या अखेरीस ६४ कॉलेजं निवडली जातात. चार-चारांचे सोळा गट, सोळांतून आठ, आणि ते आठ ओमाहात. इथे दोनदा हरलात की सामान बांधायचं. शेवटी दोघे उरले की तीनपैकी दोन सामने जिंकणारा विजेता. या सगळ्याचा एक तक्ता मिळतो, त्याला ब्रॅकेट म्हणतात. शाळेत आपण कंस सोडवायचो. इथे तो भरायचा असतो.

एकदा कंटाळवाण्या मीटिंगमध्ये मी हिशेब केला. कोण कोणत्या गटातून वर येणार, आठ कोण, शेवटचे दोन कोण आणि जिंकणार कोण, एवढंच भरायचं म्हटलं तरी हा तक्ता ३५ लाख कोटींहून जास्त प्रकारांनी भरता येतो. २०१४ साली बास्केटबॉलच्या अशाच तक्त्यावर, एकही चूक न करणाऱ्याला एक अब्ज डॉलर अशी जाहिरात झाली होती आणि त्या बक्षिसाची हमी आमच्या बफेआजोबांनी घेतली होती. बक्षीस कुणालाच गेलं नाही. ओमाहाच्या माणसाने कशावर पैसे लावावेत ते यावरून समजावं.

तरी लोक भरतातच. आणि काय अभ्यास करून भरतात! आमच्या ऑफिसात एक जण आहे, तो जूनमध्ये फक्त पिचरांच्या, म्हणजे बॉल टाकणाऱ्यांच्या, खांद्यांवर बोलतो. अमक्याने शुक्रवारी शंभरावर बॉल टाकलेत, म्हणजे आता चार दिवस तो बिनकामाचा. पहिला सामना हरलेल्या संघाला जास्त सामने खेळावे लागतात, म्हणजे जास्त खांदे लागतात, म्हणजे कधीतरी बाकावरचा तिसऱ्या फळीतला पोरगा उभा करावा लागणार, आणि त्या दिवशी त्यांचा निकाल. दुसरा एक वाऱ्यावर बोलतो. आमचं मैदान असं बसवलंय की जूनमधला दक्षिणेचा वारा बॅटरच्या तोंडावर येतो, आणि सणसणीत मारलेला बॉल वर जाऊन विचार बदलतो. २०१३ साली इथल्या १४ सामन्यांत मिळून ३ होमरन, म्हणजे थेट मैदानाबाहेर गेलेले फटके, झाले. तेव्हापासून हा गृहस्थ स्टेडियमवरच्या झेंड्याकडे बघितल्याशिवाय संघाचं नाव काढत नाही.

एवढं करून काय होतं? १९९९ साली एक नंबरचं मानांकन मिळालेला मायामीचा संघ जिंकला. त्यानंतर एक नंबरवाला जिंकायला २०२४ उजाडलं, टेनेसी. मधली सगळी वर्षं एक नंबरला ठेवलेला संघ वाटेत कुठेतरी गळला. २०२५मध्ये पहिल्या क्रमांकाचं व्हँडरबिल्ट तर ओमाहापर्यंत आलंच नाही, आपल्याच मैदानावरच्या चौघांच्या गटात आपटलं. उलट २००८ साली फ्रेस्नो स्टेट आपल्या गटातलं चौथं, म्हणजे शेवटचं मानांकन घेऊन आलं आणि चषक घेऊन गेलं. आणि २०२१ साली नॉर्थ कॅरोलायना स्टेटचा संघ अंतिम सामन्यापासून एका विजयावर होता, तर मध्यरात्रीनंतर बातमी आली की कोविडच्या नियमांमुळे त्यांना बाद केलंय. खांदा, वारा, झेंडा यांपैकी कशातही ते दिसत नव्हतं.

माझं म्हणाल तर मी एकदाच जिंकले आहे. ऑफिसात पाच-पाच डॉलर काढून संघ निवडायचे होते. २०२२ची गोष्ट. आठ नावं समोर, सगळे कपाळाला आठ्या घालून बसलेले. त्यात एक नाव 'ओल मिस'. मिसिसिपी विद्यापीठाचं हे लाडाचं नाव. मला त्यातलं फक्त 'ओल' दिसलं. मृगाचे दिवस, घरी पाऊस लागलाय का म्हणून सकाळीच आईला फोन केलेला, आणि समोर ओल! मी तेच घेतलं. मग खांदेवाल्याने अतिशय सौम्यपणे मला समजावलं की ६४ संघांत सगळ्यात शेवटी, कसंबसं ज्याला घेतलं, तो हा संघ. आठवडाभराने ओल मिसने चषक उचलला. पैसे देताना त्याने विचारलं, तुझी पद्धत काय? मृग नक्षत्र कसं समजावणार? हवामान, म्हटलं.

ही झाली ऑफिसातली मंडळी, ज्यांचं स्वतःचं काही जळत नाही. खरं भाकित आमच्या शेजारच्या काकांचं.

हे मूळचे आर्कान्सा राज्यातले. रेल्वेत नोकरी करून इथेच निवृत्त झाले. त्यांच्या रेल्वे कंपनीचं मुख्यालय ओमाहात आहे, त्यामुळे अशी बरीच मंडळी इथे भेटतात. डोक्यावर बारा महिने लाल टोपी, तिच्यावर धावणारं रानडुक्कर, कारण आर्कान्सा विद्यापीठाच्या संघाचं नाव रेझरबॅक्स. ते कॉलेज इथे अनेकदा आलंय, पण चषक एकदाही मिळालेला नाही. आणि काकांचं दर जूनमधलं भाकित एकच: यंदा आमचं काही खरं नाही.

शब्द इंग्रजी असतात, पण आपल्याकडचा कोणीही आजोबा हे वाक्य ज्या सुरात म्हणेल, सूर नेमका तोच. कुंपणापलीकडून गवत कापायचं यंत्र बंद करून म्हणतात. पिचर दमलेत. मधल्या फळीत दम नाही. यंदा नाही. आणि यंत्र पुन्हा सुरू.

२०१८ साली मी त्यांच्याबरोबर अंतिम फेरीला गेले होते. बेसबॉल मला तेव्हा 'तिसरा स्ट्राइक म्हणजे आउट' एवढाच कळायचा. आर्कान्सा विरुद्ध ओरेगन स्टेट. पहिला सामना आर्कान्साने जिंकलेला, दुसऱ्यात ३-२ने पुढे, शेवटची इनिंग, समोरच्यांचे दोन आउट. आता फक्त एक. आमच्या आजूबाजूला सगळं लाल. काका टोपी हातात घेऊन उभे आणि ओठ घट्ट मिटलेले. बॅटरने बॉल उडवला तो सरळ वर, उजव्या बाजूला फाउलच्या, म्हणजे रेषेबाहेरच्या, पट्ट्यात. असा सोपा कॅच गल्लीतली पोरंही घेतात. तीन जण धावले: पहिल्या बेसवरचा, दुसऱ्या बेसवरचा आणि मागून राइट फील्डर. तिघेही पोचले. तिघांनाही वाटलं की दुसरा घेतोय. बॉल त्यांच्या मधोमध गवतावर टप्प करून पडला. तो आवाज आमच्यापर्यंत येणं शक्य नाही, पण मला तो आला असं आजही वाटतं.

पुढे काय झालं ते तिथल्या प्रत्येकाला तेव्हाच कळलं होतं. त्याच बॅटरने बरोबरी साधली, त्याच्या मागच्याने होमरन मारला, सामना ५-३ असा फिरला. दुसऱ्या रात्री ५-० आणि चषक ओरेगन स्टेटला. गाडीपर्यंत चालत येताना काका एकच वाक्य बोलले. म्हणाले, सातव्या इनिंगला माझ्या तोंडून निघून गेलं होतं, की जिंकतोय वाटतं.

तेव्हापासून ते जास्तच जपून बोलतात. २०२२ला उपांत्य फेरीत माझ्या त्या ओल मिसनेच त्यांना २-०ने घरी पाठवलं. ऑफिसातले पाच-पाच डॉलर जिंकल्याचं मी त्यांना आजतागायत सांगितलेलं नाही.

२०२५च्या जूनमध्ये आई इथे होती, सहा महिन्यांसाठी. येताना मसाले, लोणचं आणि पंचांग. पंचांगात प्रत्येक पर्जन्यनक्षत्राचं वाहन दिलेलं असतं, आणि म्हैस, बेडूक, हत्ती आले तर पाऊस बरा, ही तिची जन्माची श्रद्धा. आठ संघांची चिन्हं तिने माझ्याकडून ऐकून घेतली. रानमांजर, कोंबडा, बीव्हर नावाचं कुठलंसं जनावर, लाल पक्षी, अस्वल, वाघ, डुक्कर आणि घोडा. "यात वाहनांतला एकटा घोडाच गं," आई म्हणाली. "डुक्कर हे वाहन नसतं." घोडा म्हणजे मरे स्टेट, केंटकीतलं छोटं कॉलेज, गटात चौथं मानांकन असून सगळ्यांना चकवून आलेलं. तो पहिला सामना हरला होता, पण आई ठाम.

काका डेकवर येऊन बसले, आईने चहा दिला. त्यांनी नेहमीचं भाकित ऐकवलं. मी आईला मराठीत सांगितलं की काका म्हणतायत, आमचे हरणार. मला वाटलं आता आई म्हणेल, मग हे बघायला कशाला जातात? ती म्हणाली, "दृष्ट लागू नये म्हणून म्हणतायत. मनात तसं नाहीये." दहा वर्षं मी त्या माणसाशी इंग्रजीतून बोलत होते आणि त्यांना निराशावादी समजत होते. आईला ना बेसबॉल येतो, ना इंग्रजी.

सोमवारी, १६ जूनला, आर्कान्साची गाठ नेमकी घोड्याशी पडली. दोघांनीही एकेक सामना गमावलेला, हरेल तो घरी. मी घरून काम करत होते, म्हणजे काकांच्या गॅरेजमधल्या टीव्हीसमोर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. आर्कान्साचा गेज वूड बॉल टाकत होता आणि मरेच्या पोरांना तो दिसतच नव्हता. चार इनिंग झाल्या, पाच झाल्या, एकही हिट नाही, म्हणजे बॉल मारून बेसवर कुणी पोचलंच नाही. असं पूर्ण सामनाभर झालं तर त्याला नो-हिटर म्हणतात, आणि या स्पर्धेत तसं १९६०नंतर झालेलं नव्हतं. पण तो शब्द तेव्हा काढायचा नसतो. बाकावरचे खेळाडू त्या पिचरच्या शेजारी बसत नाहीत, त्याच्याशी बोलत नाहीत. मी "काका, हा तर नो—" एवढंच म्हटलं आणि त्यांनी हात असा वर केला की मी लॅपटॉपच बंद केला.

आईला हे समजवायला एक मिनिट लागलं नाही. आपल्याकडे दिवा विझवत नाहीत, मालवतात. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. घरातले तांदूळ संपत नाहीत, तेही वाढतात. निघताना जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं. "मग बरोबर आहे त्यांचं," म्हणाली, आणि पुढच्या तीन इनिंग तीही तोंड मिटून बसली, घोड्याचा विषय न काढता. आठव्या इनिंगला एक बॉल बॅटरच्या अंगाला लागला आणि तो फुकटात पहिल्या बेसवर गेला, तेव्हा गॅरेजमध्ये दोन वेगवेगळ्या भाषांत एकच उसासा निघाला. पण हिट नाहीच. १९ जणांना त्याने स्ट्राइक-आउट केलं, ३-०. काकांनी टोपी काढून डोळे पुसले. आणि पुसता पुसता म्हणाले, उद्या हरणार.

मंगळवारी हरले नाहीत, यूसीएलएला घरी पाठवलं. बुधवारी समोर एलएसयू, म्हणजे लुइझियाना स्टेट. त्यांचे चाहते हे एक स्वतंत्र प्रकरण आहे. स्टेडियमसमोरच्या हॉटेलात दारू घातलेल्या जेलीचे छोटे पेले मिळतात आणि कोणत्या संघाच्या माणसांनी किती रिचवले याचा फळा असतो. २०२३ला एलएसयूवाल्यांनी ६८,८८८ पेले रिचवले आणि चषकही नेला. एकूण भाकितांपैकी हे मला जरा शास्त्रशुद्ध वाटतं, पण काकांसमोर बोलले नाही.

नवव्या इनिंगला आर्कान्सा ५-३ने पुढे. काका खुर्चीत नव्हतेच, गॅरेजच्या दारात पाठ करून उभे होते. आमच्याकडे १९९६चा विश्वचषक असाच बघितला होता. आई बसली की विकेट पडते असं ठरल्यामुळे तिने अख्खा उपांत्यपूर्व सामना स्वयंपाकघरातून ऐकला. म्हणून मीही काकांना बोलावलं नाही. एलएसयूच्या पोराने डावीकडे मारलं, लेफ्ट फील्डरचा पाय घसरला, बॉल त्याला सोडून मागे गेला. ५-५. मग पुढचा फटका दुसऱ्या बेसवरच्या ग्लोव्हला लागून पलीकडे निसटला. ६-५. संपलं. काका न वळता म्हणाले, झालं ना?

दुसऱ्या दिवशी सकाळी गवत कापायच्या यंत्राचा आवाज आला. आईने शिऱ्याची वाटी भरली आणि मला बरोबर घेऊन कुंपणापाशी गेली. त्यांनी यंत्र बंद केलं, वाटी घेतली, एक चमचा खाल्ला, टोपी मागे सरकवली. मग पुढच्या वर्षीच्या पिचरांची नावं सांगायला लागले. कोण व्यावसायिक संघात जाणार, कोण राहणार, नवे कोण येतायत. पाच मिनिटं बोलले. आणि शेवटी, नेहमीच्या सुरात, पुढच्या वर्षीही काही खरं नाही.

"काय म्हणतायत?" आईने विचारलं.

"पुढच्या वर्षीही हरणार म्हणतायत."

"हं," आई म्हणाली, "म्हणजे सावरलेत." आणि वाटी सावकाश द्या अशी हाताने खूण करून ती चहा टाकायला आत गेली.