वजनकाटा घेऊन मालगुंडला

माहेरी जाताना बायका साड्या नेतात, लाडू नेतात. मी वजनकाटा नेला. काचेचा, चपटा, दोन टॉवेलांत गुंडाळलेला. ठाणे स्टेशनच्या फलाटावर ती पिशवी आमच्या ह्यांनी कोणाच्या हातात म्हणून दिली नाही. मला तर नाहीच नाही. जड उचलून जोर करायचा नाही हा नियम नोव्हेंबरपासूनच आहे. तेव्हा अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना बँड घालून झाले होते.

मला लिव्हर सिरॉसिस आहे. साध्या कावीळीवर निभावण्याचा टप्पा केव्हाच गेला. गेल्या जूनमध्ये पोटात पाणी झालं, दोन वेळा काढावं लागलं. हे सगळं जन्मात दारूचा थेंब न घेता, मधुमेह आणि चरबी साठलेल्या यकृतामुळे. हे वाक्य मी सुरुवातीलाच लिहून टाकते, कारण ऐकणारा माणूस क्षणभर गप्प होतो आणि त्याच्या मनात काय आलंय ते मला दिसतं. घेतली असती तरी आजाराला औषध लागलंच असतं, पण तो वेगळा विषय.

भाचीच्या मुलाचं बारसं होतं. माघी गणेश जयंतीची गर्दी ओसरल्यावर जायचं ठरवलं. डॉक्टरांनी परवानगी दिली आणि सोबत एक कागदही. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट चमचाभर, भाजी-आमटी-भाकरीतलं धरून. प्रोटीन कमी करायचं नाही. ही गोष्ट आमच्याकडे कोणालाच पटत नाही. लिव्हरचा आजार म्हणजे डाळ-अंडी बंद असंच सगळे धरून चालतात. पण स्नायू झिजले तर माणूस आणखी खचतो, म्हणून माझ्या ५४ किलोच्या कोरड्या वजनाला रोज ६५ ते ८० ग्रॅम. (कोरडं वजन म्हणजे अंगातलं पाणी वजा करून.) दुखलं-खुपलं तर आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक घ्यायचं नाही. झोपण्याआधी काहीतरी खायचंच, कारण अशा यकृतात साठा उरत नाही. आमच्या एका रात्रीचा उपास धडधाकट माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपासाइतका पडतो. आणि लॅक्ट्युलोज नावाचं पातळ औषध इतकं घ्यायचं की दिवसाला दोन ते तीन वेळा मऊ शौच झालीच पाहिजे.

या शेवटच्या ओळीचीच चोरी मी केली.

मांडवी एक्सप्रेसची खाण्यासाठी ख्याती आहे. रोहा मागे पडून कोकण रेल्वे सुरू होते तोवर डब्यातून कटलेट, ऑम्लेट-ब्रेड, सूप, वडे अशी वरात दोनदा फिरून गेली होती. मी डबा काढला: बिनमिठाची मुगाची धिरडी, वर लिंबू, जिरेपूड, मिरपूड. समोरच्या काकांनी चौकशी केली, ह्यांनी आजाराची हकीकत सांगितली, काका म्हणाले, "अरेरे." धिरडं खरंच चांगलं झालं होतं, अरेरे म्हणण्यासारखं नव्हतं.

आता लॅक्ट्युलोजचं. गाडीतल्या संडासाचा भरवसा नाही, कधी पाणी नाही, कधी रांग. म्हणून सकाळचा डोस मी घेतलाच नाही. ह्यांना वाटलं मी घेतला, मला वाटलं रत्नागिरीला पोचून घेईन. बसून बसून पोटऱ्यांत वांब येत होते. सिरॉसिसमध्ये ते येतातच, रात्री तर हमखास. संगमेश्वर गेल्यावर करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आला. लहानपणी ही गाडीच नव्हती, आम्ही एसटीने हाडं खिळखिळी करत यायचो. पूर्ण कोकण रेल्वे १९९८ ला सुरू झाली. बोगद्यातल्या अंधारात मी पोटऱ्या चोळत बसले होते, बाहेर आले तर रत्नागिरी.

स्टेशनवरून आरे-वारेच्या रस्त्याने मालगुंडजवळच्या आमच्या वाडीत. दादाच्या अंगणात आंब्याला मोहोर होता आणि त्याचा वास सगळ्या घरात. वहिनीने माझ्यासाठी वेगळी भांडी काढली होती. फडताळात एक कप्पा "मीठ नाय" असा. कुळथाचं पिठलं दोन पातेल्यांत, तांदळाच्या भाकऱ्या दोन दुरड्यांत, सुरमईचे तुकडे माझे वेगळे, हळद-तिखट-कोकम लावून. एवढं कोण करतं? मी तिला काय म्हणणार होते?

म्हणून सोलकढी दिली तेव्हा प्यायले. एक वाटी दुपारी, एक रात्री.

दादाच्या घरी संडास परसदारी, रात्री बॅटरी घेऊन जायचं, वाटेत पायऱ्या. रात्रीचा डोस मी निम्माच घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर उभी राहिले. निघताना ५८.२. इथे ५९.३. एका दिवसात चरबी एवढी वाढत नाही, ते पाणीच. घोट्यांवर बोट दाबलं तर खळगा राहिला. मग चौकशी बसली. भाकरीत मीठ? नाही. पिठल्यात? नाही. माशाला? नाही. वहिनी रडकुंडीला आली आणि मग तिलाच आठवलं: सोलकढी आगळाची होती. आगळ मिठाशिवाय टिकतच नाही. चमच्याने कढीत मीठ कोणी घातलं नव्हतं, म्हणून कोणाच्या डोक्यातही आलं नाही. नंतर तिने सोलं धुऊन, भिजवून, कुस्करून कढी केली. आंबट झाली, पानचट झाली, मी प्यायले.

या निमित्ताने काटा ओटीवरच राहिला आणि सगळ्या वाडीने वजन केलं. दादा दोनदा चढला, दुसऱ्यांदा लुंगीच्या कनवटीचे पैसे काढून.

शहाळ्यांचं दुःख मात्र मोठं. दारात माड, गडी वर चढलेला, आणि मी नको म्हणायचं. पाणी उतरवायच्या गोळ्यांपैकी स्पायरोनोलॅक्टोन पोटॅशियम अंगात धरून ठेवते, आणि एका शहाळ्यात मोठ्या केळ्याइतकं तरी पोटॅशियम असतं. माझं मागच्या तपासणीत आधीच ५.१ होतं. 'कमी सोडियमचं मीठ' म्हणून दुकानात मिळतं तेही याच कारणाने मला चालत नाही, त्यात काही सोडियमच्या जागी पोटॅशियमच असतं. मी मलईचा एक तुकडा खाल्ला आणि गप्प बसले.

भाचे खडकावर कालवं काढायला गेले. कोयतीच्या टोकाने उघडायची, एखादं तिथेच तोंडात टाकायचं. लहानपणी मीही टाकलंय. आता काठावर बसून बघितलं. पाण्यात पाय बुडवले नाहीत, टाचेला भेग होती. समुद्राच्या उबदार पाण्यात व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचा जंतू असतो, तो कच्च्या शिंपल्यांतून किंवा जखमेतून शिरतो. धडधाकट माणसाला तो सहसा मोठा त्रास देत नाही, सिरॉसिसवाल्याला एक-दोन दिवसांत संपवू शकतो. भाच्याला हे सांगितलं तर त्याने हातातलं कालव नीट निरखून बघितलं आणि मग खाल्लं.

संध्याकाळी एक लांबची आत्या काढा घेऊन आली. गुळवेल, आणि आणखी काय काय. "घे गो, एवढ्याने काय होतंय." नुसती झाडपाल्याची म्हणून वस्तू निर्धोक होत नाही. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले होते. हे आत्याला सांगण्यात अर्थ नव्हता. बाटली घेतली, नमस्कार केला. ह्यांनी ती रात्री परसातल्या अळवाला घातली.

इथून पुढचं बरंचसं मला ह्यांनी सांगितलेलं आहे.

रोज रात्री मी वहीत एक ओळ लिहिते: वजन, शौच किती वेळा, मीठ चुकलं का. ह्यांनी चौतीस वर्षं मराठीच्या शिक्षकाची नोकरी केली, वही तपासल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. तिसऱ्या दिवशीची ओळ अशी: "वजन ५९.१. शौच ०." एवढंच. पण 'वजन' ओळीवर सुरू होऊन 'शौच'पर्यंत बोटभर खाली उतरलं होतं. शिरोरेषा अक्षरांना सोडून वरच्या वर निघून गेली होती, सुतळी सुटावी तशी. 'वजन'मध्ये ज दोनदा होता. ह्यांनी पान माझ्यासमोर धरलं आणि विचारलं, "हे काय?" मला त्यात काहीच वावगं दिसेना. मला ते पान चांगलं दिसत होतं. मी म्हणाले, "तुम्ही आज चिडलाय."

त्या दिवशी मी सकाळी दहालाच झोपले होते आणि आदली रात्र गोळ्यांच्या डब्या लावत बसले होते, पुन्हा काढत, पुन्हा लावत. वहिनीला वाटलं प्रवासाचा शीण. ह्यांनी मला हात पुढे करून, पंजे उभे करून, बोटं फाकवून धरायला लावलं, वाहतूक पोलीस गाडी थांबवतो तसं. पंजे एकदम खाली पडायचे, पुन्हा वर यायचे. मग घड्याळ लावून म्हणाले, एका मिनिटात प्राण्यांची नावं सांग. घरी मी सतरा-अठरा सांगते. त्या रात्री सात झाली, त्यात गाय तीनदा.

यकृताला जे गाळता येत नाही ते आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जातं. शौच साफ होत राहिली तर ते बाहेर पडतं. म्हणून ते गोड, चिकट औषध. ते पोट साफ करण्यासाठी नसतं, डोकं साफ ठेवण्यासाठी असतं, आणि मी ते संडासाच्या सोयीसाठी चुकवलं होतं.

ह्यांनी डॉक्टरांना फोन लावला. पहिले प्रश्न: ताप आहे का, पोट दुखतंय का, उलटीत रक्त, काळी शौच? हाक मारली तर नीट जागी होते का? चारही गोष्टी नव्हत्या, हाक मारली तर जागी होत होते. मग दर दोन तासांनी ३० मिलि, पोट साफ होईपर्यंत. पाण्याच्या गोळ्या दोन दिवस निम्म्या, जुलाबांनी अंगातलं पाणी जास्त जायला नको म्हणून. आणि पहाटेपर्यंत फरक नाही पडला किंवा झोप गाढ व्हायला लागली तर वाट न बघता रत्नागिरीला दाखल. दादाने रात्रभर गाडी रस्त्याकडे तोंड करून लावून ठेवली. ओटीवर खुर्ची टाकून किल्ली हातात घेऊन बसला होता, हे मला नंतर कळलं.

परसदारच्या त्या पायऱ्या त्या रात्री चार वेळा झाल्या. वहिनी बॅटरी धरून पुढे, हे मागे. जिची लाज वाटून डोस चुकवला ती वाट अख्ख्या घराला घेऊन चालले. सकाळी सात वाजता मी वहिनीला विचारलं, दूधपोहे आहेत का? ती पदर तोंडाला लावून आत गेली. रत्नागिरीला जाऊन रक्त तपासलं: सोडियम १३१, पोटॅशियम ४.९. डॉक्टर म्हणाले, चालेल, लक्ष ठेवा.

बारसं पार पडलं. मी बारशाच्या घुगऱ्या बिनमिठाच्या, वेगळ्या वाटीत खाल्ल्या आणि बाळाला मांडीवर घेतलं. तीन किलो आठशे, काट्यावर करून बघितलं.

मंगळवारी गणपतीपुळ्याला गेलो. वहिनीने विचारलं, "देवाला जायचं, उपास नाही?" नाही. दोन अंड्यांचं पांढरं आणि भाकरी खाऊन गेले, रिकाम्या पोटी चालायचं नाही हेही कागदावर आहे. तिथला गणपती स्वयंभू, पश्चिमेकडे तोंड करून बसलेला, आणि डोंगरच देव मानतात म्हणून प्रदक्षिणा देवळाला नाही, डोंगराला घालायची. साधारण एक किलोमीटर. ठाण्याला मी रोज सोसायटीभोवती अर्धा तास चालते आणि खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठते-बसते. हा व्यायाम कोणाला दाखवण्यासारखा नाही, पण मांड्यांत जीव राहिलाय तो त्यामुळेच. प्रदक्षिणेत दोनदा बसले. एकदा दम लागला म्हणून, एकदा समुद्र दिसला म्हणून. मागून आलेली शाळेची पोरं आम्हाला ओलांडून गेली आणि आम्ही अर्ध्यावर असताना पुन्हा ओलांडून गेली.

परतीच्या गाडीत सकाळचा डोस ह्यांनी स्वतः झाकणात ओतून हातात दिला, समोरच्यांच्या देखत. मी दोनदा संडासाला गेले. पाणी होतं. करबुड्याचा बोगदा मागे पडल्यावर वहीत ओळ लिहिली: ५८.०, शौच २. ह्यांनी चष्मा लावून शिरोरेषा तपासली. थोडी वाकडी होती. "गाडी हलतेय," मी म्हणाले. त्यांना पटलं नाही, घड्याळ काढलं, म्हणाले, सांग प्राणी.

मी सुरुवात केली. समोरच्या बाकावर सहा-सात वर्षांचा मुलगा होता, त्याला वाटलं खेळ आहे. तो मधेच "गेंडा!" ओरडला, मग "ऑक्टोपस!", मग "पांडा!" मिनिट संपलं. एकोणीस झाले. ह्यांनी तीन वजा केले आणि वहीत सोळा लिहिले.