एक्सपल्सचा मागचा रॅक: तडा गेला तिथपासून आजपर्यंत

तडा दिसला तो गगनबावड्यात, चहाला थांबलो तेव्हा. मोटरसायकलवरून भुईबावडा घाट चढून वर आलो होतो. मागच्या बॅगेत तंबू, स्टोव्ह, पाणी, पाने आणि ट्यूब, सगळं मिळून बारा किलोच्या आसपास. बॅग डावीकडे कललेली वाटली म्हणून हात लावला, तर बॅग बांधायचा अख्खा लोखंडी रॅकच हलला. डाव्या पट्टीवर, वेल्डच्या अगदी कडेला, केसासारखी रेघ होती आणि उजवीकडचा एक बोल्ट बोटांनी फिरत होता. बॅग पाठीवर बांधली आणि तसाच हळूहळू कोल्हापूरला आलो.

गाडी हिरो एक्सपल्स २०० फोर व्ही. मूळ कॅरिअर काढून मी बाजारातला तयार रॅक बसवला होता. तो कुठून घेतला हे महत्त्वाचं नाही, कारण असेच रॅक बऱ्याच गाड्यांवर बघितलेत. महत्त्वाचं आहे ते तो का तुटला. तेवढ्यासाठी मी त्याचे तुकडे करून बघितले.

पाईप अठरा गेज, म्हणजे १.२ मिलिमीटर जाड. मला वाटलं होतं दोष यातच असणार. पण पाईप कुठंही वाकला नव्हता. पट्टी जिथं पाईपला जोडली होती तिथं तिचा आतला कोपरा काटकोनात, करवतीनं कापल्यासारखा धारदार होता. वेल्डही नेमका त्याच कोपऱ्यात संपवलेला. हादऱ्याचा सगळा ताण अशा कोपऱ्यात गोळा होतो. शिवाय वेल्डच्या कडेचं लोखंड तापून आधीच बदललेलं असतं. रेघ तिथंच सुरू झाली होती.

दुसरी गोष्ट मला जास्त शिकवून गेली. रॅकवर पावडर कोटिंग (भट्टीत पक्का केलेला भुकटीचा रंग) होतं आणि ते बोल्टाच्या बैठकीवरही तसंच होतं. म्हणजे बोल्टाचं डोकं, वायसर, पट्टी आणि सबफ्रेम (सीटखालची, रॅक जिला बसतो ती मागची चौकट) यांच्यामध्ये प्लास्टिकसारख्या रंगाचे थर. असं कोटिंग साधारण ६० ते १०० मायक्रॉनचं असतं. दाबाखाली, उन्हात आणि हादऱ्यात ते हळूहळू पसरतं. रंग पसरला की बोल्टाचा ताण जातो, आणि ताण गेला की बोल्ट स्वतःहून फिरायला मोकळा. उजवा बोल्ट सैल झाल्यावर सगळं ओझं डाव्या पट्टीवर आलं असणार. तडा नंतरचा, बोल्ट आधीचा.

मोजमाप

नवीन रॅक स्वतःच करायचा ठरवला. आधी वहीत तरफेचं गणित मांडलं. रॅकचे पुढचे आणि मागचे बोल्ट एकमेकांपासून १५ सेंटिमीटरवर आहेत असं धरा. ओझ्याचा मध्य मागच्या बोल्टाच्या २५ सेंटिमीटर मागं. ओझं बारा किलो. मागचा बोल्ट टेकू झाला, तर पुढच्या बोल्टांना वर खेचणारा जोर १२ गुणिले २५ भागिले १५, म्हणजे २० किलो. मागच्या जागी खाली दाब ३२ किलो. आणि हे गाडी उभी असताना. खड्ड्यात तिप्पट झटका बसला तर ६० आणि ९६. आपण बारा किलो बांधले म्हणतो, पण सबफ्रेमला बारा कधीच लागत नाहीत.

आता तेच ओझं १३ सेंटिमीटर पुढं सरकवा. पुढच्या बोल्टांवर २० ऐवजी ९.६ किलो येतात. पाईप न बदलता, एक रुपया खर्च न करता ताण निम्म्याहून कमी! रॅक लांब केला की जागा मिळते हे खरं, पण आपण ती भरतोच. म्हणून मी लांबी मुद्दाम कमी धरली: प्लेट २८ सेंटिमीटर रुंद आणि २२ सेंटिमीटर लांब. मोठ्या बॅगेचा पुढचा भाग मागच्या सीटवर टेकतो, आणि तो टेकायलाच हवा.

ओळंबा सोडून मागच्या चाकाच्या आसापासूनचं अंतरही घेतलं. जुन्या रॅकवर बॅगेचा मध्य आसाच्या ३५ सेंटिमीटर मागं जात होता. गाडीचा व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांच्या आसांमधलं अंतर, १४१० मिलिमीटर, त्यामुळे पुढच्या चाकावरचे जवळजवळ तीन किलो उचलले जात होते. आकडा छोटा वाटतो, पण सुट्या खडीच्या चढावर पुढचं २१ इंची चाक भरकटायला तेवढं पुरतं. नव्या जागी हा आकडा दोन किलोच्या आत आला.

उंचीबद्दल माझं मत ठाम आहे: रॅक सीटच्या पातळीतच हवा. सीट आधीच ८२५ मिलिमीटरवर. त्यावर रॅक उचलला आणि वर बॅग ठेवली, की टांग टाकताना प्रत्येक वेळी बूट बॅगेला लागतो. उतारावर पायपेगवर उभं राहून अंग मागं न्यायचं असतं, तेव्हा ढुंगणामागं जागा नसेल तर सगळं वजन पुढच्या चाकावर पडतं.

लोखंड की ॲल्युमिनियम

ॲल्युमिनियम हलकं आणि दिसायला देखणं, हे मान्य. पण त्याला टिग वेल्डिंग (वायूच्या आवरणात केलेलं वेल्डिंग) लागतं आणि वेल्डच्या आसपास त्याची ताकद बरीच घटते. शिवाय लहानलहान हादरे वर्षानुवर्षं साठत गेले की ते कधी ना कधी थकतंच. साधं लोखंड ठरावीक मर्यादेच्या आतले हादरे कितीही खातं. आणि चंदगडच्या कोपऱ्यात रॅक तुटला, तर ट्रॉलीचे जोड लावणारा वेल्डर कुठल्याही बाजाराच्या गावात सापडतो. मला जगाच्या टोकाला जायचं नाही. जिथं जातो तिथं दुरुस्त होईल अशी वस्तू मला हवी आहे.

उद्यमनगर

पुठ्ठ्याचा साचा घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, ओळखीच्या मामांकडे गेलो. माझा हट्ट एक इंची, तीन मिलिमीटर जाडीच्या पाईपचा. मामांनी पुठ्ठा उलटसुलट केला आणि म्हणाले, "आरं बाळा, एवढा जाड पाईप घालून गाडीला नांगर लावतूस व्हय? मोडलंय कुठं? जोडात. मग जोड बघ की आधी."

बरोबर होतं. तो पाईप मीटरला दीड किलोहून जास्त भरतो. पाऊण इंची सोळा गेजचा ७०० ग्रॅमच्या आत बसतो आणि माझ्या कामाला पुरून उरतो. तोच घेतला, सुमारे अडीच मीटर. जाडी वाढवली ती फक्त जोडांच्या ठिकाणी: ५ मिलिमीटरची पट्टी, आतला प्रत्येक कोपरा कानशीनं गोल केलेला, आणि पट्टीला आधार देणारा तिकोनी तुकडा.

पाईप वाकवताना आत कोरडी वाळू ठासून दोन्ही तोंडं लाकडी खुंटीनं बंद केली. त्यानं वाकणावर पाईप चपटत नाही. पाईपला लांबीभर वेल्डची शिवण असते. ती वाकणाच्या बाहेरच्या किंवा आतल्या अंगाला न ठेवता बाजूला ठेवायची. मामा हे बोलून दाखवत नाहीत, पाईप हातात घेतल्यावर अंगठा आपोआप शिवणीवरून फिरतो. मी दोनदा बघितलं तेव्हा लक्षात आलं.

गाडीवर बसवूनच वेल्डचे टाके मारावेत असं मला वाटत होतं. पण इंजेक्शनची गाडी, ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) आहे, वेल्डिंगच्या करंटची भीती. बॅटरी काढून, वेल्डिंगची अर्थ वायर जवळ लावून करता येतं, तरी जीव धजावला नाही. त्याऐवजी जाड प्लेटवर सबफ्रेमच्या भोकांची हुबेहूब नक्कल केली, तिच्यावर सगळं बोल्टांनी आवळलं आणि मग वेल्ड केलं. वेल्ड थंड होताना लोखंड ओढलं जातं. आवळलेलं नसतं तर भोकं दोन-तीन मिलिमीटर सरकली असती आणि मग ती ओढूनताणून बसवावी लागली असती. ओढून बसवलेला रॅक ओझं बांधण्याआधीच ताणात असतो.

जिथं बोल्ट पाईपमधून आरपार जातो तिथं भोकात बुश (छोटी जाड नळी) घालून वेल्ड केलं, नाहीतर आवळताना पाईप दबतो. सगळ्यात खालच्या अंगाला ३ मिलिमीटरचं भोक ठेवलं. शेवटचा वेल्ड मारताना आतली तापलेली हवा तिथून बाहेर पडते, आणि पावसाळ्यात आत गेलेलं पाणीही. गगनबावड्याच्या पावसात गाडी घालणाऱ्यानं हे भोक विसरू नये.

तयार रॅक काट्यावर ३ किलो २०० ग्रॅम भरला.

रंग आणि बैठक

पावडर कोटिंगला देताना बोल्टाच्या सगळ्या बैठकींवर उष्णता सोसणारी टेप गोल कापून लावली, वर आणि खाली दोन्हीकडे. कोटिंगवाल्या मुलाला तीनतीनदा सांगितलं. घरी आणल्यावर उघड्या लोखंडावर ग्रीसचा अगदी पातळ हात दिला, आट्यांना मात्र ग्रीस लागू दिलं नाही. बोल्ट एम ८ (८ मिलिमीटर जाडीचे), ८.८ या ताकदीच्या दर्जाचे, मध्यम ताकदीचं थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा डिंक) लावून. आवळण्याचा जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्यानं २२ न्यूटन-मीटर. बैठक लोखंडावर लोखंड बसली की पाना अचानक घट्ट थांबतो. रंगावर बसवताना तो थांबता थांबता थोडा पुढं सरकतो. हा फरक एकदा हाताला कळला की विसरत नाही.

प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावरून पट्टीवर पिवळ्या रंगाची सलग रेघ ओढली. बोल्ट फिरला की रेघ तुटलेली दिसते, पाना लावून बघायची गरज नाही.

पहिली चाचणी

ओझं म्हणून पाच लिटरचे पाण्याचे दोन कॅन आणि दोन किलो वाळूची पिशवी. मागच्या शॉकचा प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) दोन खाचा वाढवला. वाट मुद्दाम वाईट निवडली, करवीर तालुक्यातली पाणंद. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी तिला गुडघाभर चाकोऱ्या पाडलेल्या असतात आणि मधला उंचवटा वाळून दगड झालेला. चार फेऱ्या मारल्या, शेवटच्या दोन उभं राहून, जरा वेगात. मग गगनबावड्यापर्यंत डांबरी आणि परत.

एका बोल्टाची रेघ तुटली होती. अगदी अर्ध्या मिलिमीटरची फट, पण होती. पोटात गोळा आला. बोल्ट काढला तर वायसरखाली टेपच्या कडेनं आत शिरलेला रंगाचा चंद्रकोरीएवढा डाग. तेवढ्यानंच! कानशीनं तो घासला, नवीन थ्रेडलॉक लावलं, पुन्हा २२ वर आवळलं. पुढच्या रविवारी तीच पाणंद, तेच ओझं. सगळ्या रेघा सलग. वेल्डच्या कडा भिंगानं बघितल्या, स्वच्छ.

अजून बाकी

उजवीकडचा सायलेन्सर उंच आहे आणि मऊ बॅगेचा पट्टा त्याच्या फार जवळ लोंबतो. तिथं रॅकवरूनच खाली येणारी एक कडी वेल्ड करायची आहे, म्हणजे पट्टा बाहेर राहील. तेवढ्यासाठी कोटिंग पुन्हा जाळायला नको म्हणून ती बोल्टवर बसवता येईल का, याचा पुठ्ठा सध्या टेबलावर पडलाय. पूर्ण सामान लादल्यावर मागची नंबरप्लेट आणि इंडिकेटर मागून नीट दिसतात का, ते रात्री कुणाला तरी वीस फुटांवर उभं करून बघायचं आहे. आणि कुणी एक्सपल्सवर असा आखूड रॅक आधी केला असेल, तर ५०० किलोमीटरनंतर तुमच्या मागच्या बोल्टांची काय स्थिती होती ते जरूर सांगा. माझे आज १८० झालेत.