लक्झरचं ममी संग्रहालय : आधी इथे, मग राजांच्या थडग्यांकडे

इजिप्तमधल्या लक्झरला आलेला माणूस पहिल्याच सकाळी नाईल ओलांडून व्हॅली ऑफ द किंग्जकडे, म्हणजे राजांच्या थडग्यांच्या दरीकडे धावतो. आम्ही आदल्या संध्याकाळी ममिफिकेशन म्युझियम (ममी कशी बनवत ते दाखवणारं संग्रहालय) पाहून घेतलं, आणि माझ्या मते क्रम हाच ठेवावा. थडग्यांच्या भिंतींवर नुसते रंग न दिसता काय चाललंय ते कळू लागतं.

१९९७ साली उघडलेलं हे संग्रहालय कॉर्निशवर, म्हणजे नाईलकाठच्या रस्त्यावर, लक्झर मंदिराच्या जवळच आहे. पण ते रस्त्याच्या पातळीखाली, नदीच्या अंगाला असल्यामुळे वरून जाताना चटकन नजरेत भरत नाही. टांगेवाले ‘बंद आहे’ म्हणाले तरी स्वतः खाली जाऊन बघा.

आत एकच मुख्य दालन. सुरुवातीला आनी आणि हुनेफर या प्राचीन इजिप्तमधल्या दोन लेखनिकांच्या पपायरसांवरून (लव्हाळ्याच्या कागदाच्या गुंडाळ्यांवरून) काढलेली चित्रं आहेत (मूळ पपायरस लंडनला, ब्रिटिश म्युझियममध्ये). ती घाईने ओलांडू नका. मृत्यूपासून, सत्याची देवी मात हिच्या पिसासमोर हृदय तोलण्यापर्यंतचा सगळा प्रवास त्यांत आहे.

खरा ऐवज पुढे, ममी बनवण्याची हत्यारं : चिमटे, कात्र्या, सुया, चमचे. नाकातून मेंदू काढायचा आणि टाकून द्यायचा. विचार हृदयात असतात अशी समजूत, म्हणून हृदय जागेवरच. डाव्या कुशीला चीर देऊन यकृत, फुप्फुसं, जठर, आतडी बाहेर काढायची आणि बरण्यांत घालून होरस देवाच्या चार पुत्रांच्या हवाली करायची. कोल्ह्याच्या डोक्याचा दुआमुतेफ जठर सांभाळतो, बबून माकडाच्या डोक्याचा हापी फुप्फुसं. एवढं लक्षात ठेवलं तरी पुढे बरण्या ओळखता येतात. मग देह सुमारे ४० दिवस नॅट्रॉन या क्षारात. पाणी शोषून घेतलं की कुजणं थांबतं. सुकी मासळी करणाऱ्या कोकणाला हे नवं नाही. तेलं, राळ आणि तागाच्या पट्ट्या धरून एकूण ७० दिवस.

मांजर, मगर, आयबिस पक्षी यांच्याही ममी आहेत. मुलं तिथेच रेंगाळतात.

माणसाची ममी एकच : एकविसाव्या राजवंशातला, आमून देवाचा मुख्य पुजारी मसाहार्ता. त्या काळी देह भरीव दिसावा म्हणून कातडीखाली भरण घालत. तो सापडला लक्झरच्या पश्चिम काठावरच्या देर अल-बहरी इथल्या, ममींच्या गुप्त साठ्यात. अब्द अल-रसूल या तिथल्याच घराण्यातले लोक त्यातल्या वस्तू कित्येक वर्षं गुपचूप विकत होते. सरकारला पत्ता लागला १८८१ मध्ये.

तासाभरात सगळं निवांत होतं, त्यामुळे खास दिवस काढू नका. दुपारी मध्येच बंद असतं, वेळा बदलतातही. निघण्यापूर्वी हॉटेलात विचारा. इजिप्तमध्ये बऱ्याच तिकीट खिडक्यांवर रोख घेत नाहीत, कार्ड जवळ हवंच. राजांच्या ममी बघायच्या असतील तर कैरोचं राष्ट्रीय नागरी संस्कृती संग्रहालय गाठा, २०२१ मध्ये २२ ममी तिकडे हलवल्या. तुतानखामून राजा मात्र व्हॅली ऑफ द किंग्जमध्येच, स्वतःच्या थडग्यात आहे. त्याचं तिकीट वेगळं काढावं लागतं.