उचल न घेता काढलेला हंगाम

देवगड बंदरातील एका ट्रॉलरवर मी पाच हंगाम खलाशी होतो आणि ते पाचही हंगाम मला चित्रकार व्हायचे होते. आज हे वाक्य सरळ लिहिता येते. तेव्हा ते आईजवळही बोलवत नसे. आठवीत मी चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा उत्तीर्ण झालो होतो, पण इंटरमिजिएटला बसण्याच्या वर्षी वडिलांचे दुखणे बळावले आणि दहावी होताच मी बोटीवर गेलो.

चित्रकलेच्या पदवीला बारावी लागते. ती मी सतरा नंबरचा फॉर्म भरून, बाहेरून दिली. त्याविषयी अधिक सांगण्यासारखे काही नाही. अभ्यास झाला आणि पेपर सुटले. खरी अडचण होती ती उचलीची. हंगामाआधी मालक खलाशाला उचल देतो, पावसाळ्यात घर त्याच पैशांवर चालते, आणि ती फिटेपर्यंत खलाशाला बोट सोडता येत नाही. पदवीची प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, त्या वर्षी मे महिन्यात होती. १ जूनला मासेमारीबंदी लागण्याआधीचे ते अखेरचे दिवस असल्यामुळे कोणताही मालक तेव्हा माणूस मोकळा करत नाही. पहिल्या खेपेस मी दोन दिवसांची सवड मागून, रात्रभर एसटीने प्रवास करून परीक्षेला बसलो. वस्तुचित्रात बादलीचे तोंड मी थेट गोल काढले होते, हे कागद देताना माझ्या लक्षात आले. संकल्पचित्र, म्हणजे आकार आणि रंगांची नक्षीसारखी रचना, तर अर्धेच राहिले. गुणवत्ता यादीत माझा क्रमांक इतका खाली होता की पुढच्या फेऱ्यांची वाट पाहण्यातही अर्थ नव्हता.

पुढच्या हंगामासाठी मी उचल घेतली नाही. आईला कारण सांगावे लागले, तेव्हाच चित्रकलेचेही सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग सुकटीचे डबे उघडून किती दिवस पुरेल ते तिने पाहिले आणि किराणा दुकानदाराकडे उधारी वाढवून मागायला स्वतः गेली. त्या जून-जुलैत घरात काय काय आले नाही हे मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच त्या वर्षी मी एकही दिवस वाया जाऊ दिला नाही.

जाळे पाण्यात सोडल्यापासून ते ओढून घेईपर्यंत दोन-तीन तास मिळत. इतर खलाशी झोपत तेव्हा मी बर्फाच्या पावत्यांच्या मागच्या बाजूला चित्रे काढीत असे. पेन्सिल ओल्या कागदावर उमटत नसे, म्हणून एकदा जाळ्यात आलेल्या माकुळाची, म्हणजे कटलफिशची, शाईची पिशवी मी वाटीत फोडली. ताजी शाई काळीभोर दिसते, पण पाणी घालत गेले की तिच्यातून तपकिरी छटा उतरत जातात; सेपिया हा रंग मुळात याच प्राण्याच्या शाईपासून करीत. तिचा वास कागदावरून आठवडाभर जात नाही, तरी मला ती फार आवडली.

तांडेलकाकांनी, म्हणजे आमची बोट चालवणाऱ्या प्रमुखांनी, त्यातले एक चित्र उचलून कंदिलाजवळ धरले. जाळे ओढणारे चार जण त्यात होते. मला वाटले, ते रागावतील. त्यांनी दोरावर बोट ठेवले आणि म्हणाले, "दोराचो पीळ उलटो काढलंस रे. असो दोर ओढलंस तर सुटतलो." त्यानंतर मी हातातल्या दोराकडे पहिल्यांदा नीट पाहिले. पाच वर्षे तो रोज माझे तळवे सोलत होता, आणि त्याचा पीळ कोणत्या बाजूला जातो हे मला सांगता आले नसते!

बादलीचे कोडे लिलावाच्या वेळी बंदरावर सुटले. जमिनीवर ठेवलेल्या टोपलीचे तोंड रुंद लंबवर्तुळासारखे दिसते, तीच टोपली उचलून डोळ्यांच्या पातळीला आली की तोंडाची नुसती रेघ उरते, आणि बाईच्या डोक्यावर गेली की तोंड दिसेनासे होऊन बूड दिसू लागते. त्या सकाळी मी तासभर तिथेच उभा राहून टोपल्या वर-खाली होताना पाहत होतो. संकल्पचित्रासाठी मात्र असा कोणताही आधार मिळाला नाही. कंपास आणि पोस्टर कलर घेऊन, रविवारी गावातल्या चित्रकला शिक्षकांकडे बसूनच ते शिकावे लागले.

दुसऱ्या खेपेस वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र ही तिन्ही चित्रे वेळेत पूर्ण झाली. मन मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयावर होते. १८५७ साली सुरू झालेल्या त्या संस्थेच्या फाटकाबाहेर मी एकदा नुसता उभा राहून आलो होतो. तिथे माझा क्रमांक लागला नाही. नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयात लागला. समुद्रापासून इतके दूर मी कधीच गेलो नव्हतो, पण प्रवेश घेताना एक क्षणही अडखळलो नाही.

पहिल्या वर्षाची फी आणि वसतिगृहाचा खर्च हंगामाच्या कमाईतून भागला आहे. दुसऱ्या वर्षासाठी परीक्षा संपताच त्याच बोटीवर जाण्याचे मी तांडेलकाकांशी ठरवले आहे. ३१ मेपर्यंत जेवढे दिवस मिळतील तेवढे.