सात नंबरचा बाण

"काका, माझी पकड एकदा बघाल का?" आल्या आल्या तिने हेच विचारलं.

मी कोच नाही. कंपाउंड बो, म्हणजे चाकं आणि केबल असलेलं धनुष्य, दुरुस्त करणं आणि ट्यून करणं हे माझं काम. पण गेले दोन महिने जो तो तिला एकच गोष्ट सांगत होता, की बाण सोडताना तुझं मनगट वळतं. ५० मीटरवर सहातले चार-पाच बाण लक्ष्याच्या मधल्या पिवळ्यात बसायचे आणि एखादा थेट बाहेरच्या निळ्यात जायचा. तिने ग्रिपवर टेप गुंडाळून पाहिली, बोटांची ठेवण बदलली, शेवटी शेवटी तर धनुष्य हातातून पडेल इतका सैल हात ठेवायला लागली. निळ्यातले बाण थांबले नाहीत. बोलताना ती डावा तळवा सारखा चोळत होती.

"बाणांवर नंबर आहेत?"

"नाही."

मार्करने बारा बाणांवर १ ते १२ आकडे घातले आणि तिला प्रत्येक बाण तीनदा मारायला लावला. कोणता बाण कुठे लागला त्याची नोंद माझ्याकडे ठेवली, तिला दाखवली नाही. छत्तीस बाण झाल्यावर चित्र स्पष्ट होतं. बाहेर गेलेले बाण ३, ७, ८ आणि ११, फिरून फिरून तेच चार. मनगट वळत असतं तर त्याने नंबर बघून वळायचं काही कारण नव्हतं. मला खरं तर तिथेच तिला सांगून टाकायला हवं होतं. पण कारण हातात नसताना दिलासा देणं मला जमत नाही.

चारही बाण कानाशी धरून हलके वाकवून पाहिले. कार्बनला चीर असेल तर तो करकरतो. तसा आवाज आला नाही. वजनं जुळली, फिरवल्यावर टोकं डगमगली नाहीत. मग नजर शेपटाकडच्या पिसांवर गेली. पिवळी, नवीकोरी, चांगली १५ मिलिमीटर उंच.

"ही कधी लावलीस?"

"दोन महिने झाले. आधीची खूप बुटकी होती."

दोन महिने. मी टॉर्च घेतला आणि केबल बघायला लागलो.

कंपाउंडमध्ये केबलची अडचण जन्मापासूनची आहे. अमेरिकेतल्या हॉलेस विल्बर ॲलन यांनी १९६६ साली या धनुष्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९६९ च्या अखेरीस ते मिळालं. दोन टोकांना कॅम नावाची चाकं आणि त्यांना जोडणाऱ्या केबल आल्यामुळे पूर्ण ताणलेल्या दोरीचा भार हातावर कमी झाला. पण त्या केबल बाण जातो त्याच पट्ट्यातून वर-खाली जातात. म्हणून रायझरमधून, म्हणजे धनुष्याच्या मधल्या मुठीच्या भागातून, मागे एक दांडी काढतात आणि तिच्यावरच्या सरकत्या तुकड्याने, स्लाइडने, केबल बाजूला ओढून धरतात, उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याच्या धनुष्यात उजवीकडे. बाण दोरीतून सुटण्याच्या सुमाराला पिसं या केबलच्या शेजारून जातात. तिथे घासलं तर पुढे सावरायला बाणाला दोरीचा आधार राहिलेला नसतो.

केबलवरच्या काळ्या दोऱ्याच्या गुंडाळीवर, बरोबर बाणाच्या उंचीला, केसाएवढी पिवळी रेघ होती. नखाने खरवडली तर नखावर पिवळा कण आला. तिला तो दाखवला. बराच वेळ ती माझ्या नखाकडेच बघत राहिली.

खात्रीसाठी पायाला मारायच्या पावडरचा स्प्रे पिसांवर आणि रेस्टवर, म्हणजे बाण सुटताना खाली पडणाऱ्या त्याच्या आधारावर, मारला आणि सात नंबरचा बाण जवळून मारायला लावला. रेस्टवरची पांढरी साय जशीच्या तशी होती, म्हणजे रेस्ट वेळेवर खाली पडत होती. उजवीकडच्या पिसाची कड मात्र पुसली गेली होती. ताणलेल्या कागदातून बाण सरळ गेला तर गोल भोक पडतं, तिरका गेला तर फाट. सातने शेपटाकडून डावीकडे लांब फाडलं. बिनपिसांच्या बाणाने मात्र स्वच्छ गोल भोक पाडलं. हे भोक फार महत्त्वाचं. कॅम कलला असता किंवा रेस्ट सरकली असती, तर बिनपिसांचा बाणही तिरका गेला असता. दोष फक्त पिसांच्या वाटेत होता.

इथे मी चूक केली. सवयीने दांडी फिरवून केबल आणखी बाहेर ओढली. पावडर पुसायची थांबली, ती खूश झाली, आणि मी बिनपिसांचा बाण पुन्हा कागदातून मारायला सांगितला. मगाचचं गोल भोक गेलं, त्याच्या जागी डावीकडे बोटभर फाट. केबल जितकी बाजूला ओढाल तितकं ती कॅमला आणि रायझरला पीळ देते. घासणं घालवलं आणि पीळ घेऊन आलो. यॉक, म्हणजे केबलचं कॅमपाशी दुभंगलेलं टोक, त्याच्या दोन पायांना कमी-जास्त पीळ देऊन हे सावरता येतं, पण चांगल्या लागलेल्या धनुष्यात आपणच बिघाड करायचा आणि मग त्यावर उपाय करत बसायचं, हे मला पटत नाही. दांडी होती तिथे परत आणली.

मग मोजमाप. बाणाच्या मध्यापासून पिसाच्या टोकापर्यंत १८ मिलिमीटर. केबल मध्यापासून साधारण १६ वर. वेगळ्या रंगाचं पीस, ज्याला आम्ही कॉक व्हेन म्हणतो, ते ती वर ठेवायची. तसं ठेवलं की मागून बघताना उरलेली दोन घड्याळातल्या चार आणि आठच्या दिशेला येतात. चारवरचं पीस आडवं मोजलं तर साडेपंधरापर्यंत पोहोचतं, केबलला जेमतेम चुकवून जातं. आठ बाण याच अर्ध्या मिलिमीटरवर सुखरूप जात होते. त्या चार बाणांचे नॉक, म्हणजे दोरीत अडकणारे शेपटाचे तुकडे, पिसं लावताना थोडे फिरले होते. त्यांचं पीस नेमकं तीनच्या दिशेला, पूर्ण १८ बाहेर, केबलवर. जुनी बुटकी पिसं असताना नॉक कसाही फिरला तरी काही बिघडत नव्हतं.

उपाय नॉकमध्येच होता. कॉक व्हेन केबलच्या बरोबर उलट दिशेला, नऊवर घेतली. मग बाकीची दोन एक आणि पाचवर जातात आणि केबलच्या बाजूला फक्त ९ मिलिमीटर येतात. धनुष्याला हात न लावता सात मिलिमीटरची वाट मोकळी. तिची रेस्ट खाली पडणारी होती म्हणून हे जमलं. ब्लेडची रेस्ट असती तर पाचवरचं पीस पात्यावर आपटलं असतं.

बाराही नॉक एकेक करून फिरवले. स्लाइडची खाचही आतल्या बाजूने झिजून केबल बाणाकडे सरकली होती. धनुष्य दाबून दोरी सैल करणाऱ्या प्रेसवर घेऊन स्लाइड बदलली आणि दोन्ही कॅम एकाच वेळी थांबतात ना ते तपासलं. पुन्हा पावडर, पुन्हा कागद. पिसांचा आणि बिनपिसांचा, दोन्ही बाणांची भोकं शेजारी शेजारी, गोल.

५० मीटरवर गेल्यावर तिने स्वतःहून सात नंबर काढला. तोच सहा वेळा मारला, प्रत्येक वेळी चालत जाऊन काढून आणला. सहाही पिवळ्यात. मधलं दहाचं वर्तुळ ८ सेंटीमीटरचं, त्यात चार.

परत आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. ग्रिपवरची टेप नखाने सोलत म्हणाली, "काका, आता पकड कशी धरू?"

"दोन महिन्यांपूर्वी धरायचीस तशी."